विचारलं तेवढंच

भाजीवाली म्हणाली, "टोमॅटो संपले." टोमॅटो तिच्यासमोरच होते, लालबुंद, ढीगभर. वकीलीणबाईंनी ढिगाकडे पाहिलं. भाजीवालीनं आभाळाकडे पाहिलं.

*

जप्त वस्तूंची यादी, पान एकशे बारा. पट्टा एक. कंगवा एक, दोन दात तुटलेला. किल्ल्यांचा जुडगा एक. चष्मा एक, दुरुस्त केलेला. रुमाल एक, मळका.

*

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीला एक गोल भोक होतं आणि भोकाच्या आत तीस वर्षं एकच तोंड होतं. "पाचची गाडी आहे का?" "आहे." माणूस पाचपर्यंत थांबायचा, गाडी यायची नाही, मग तो भोकाशी येऊन भांडायचा. तोंड शांतपणे म्हणायचं, "गाडी आहे का, ते विचारलंत. आज सुटणार का, ते विचारलं नाहीत."

*

पाण्याच्या पेल्यात एक कवळी हसत होती. खिडकीत दुसरी वाळत होती, तीही हसत होती. घरात बाकी कुणी हसत नव्हतं.

*

"सात जणी," चष्मेवाला म्हणाला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घ्यायचं विसरला.

*

वकिलांच्या खोलीत कुणीतरी वकीलीणबाईंच्या खुर्चीला कुलूप अडकवून ठेवलं, किल्लीसकट. विनोदाचा दर्जा फार घसरलाय, असं म्हणून त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं आणि घरी नेलं. चांगलं होतं.

*

तर.

वकीलीणबाईंचं वय सत्तेचाळीस, वकिली बावीस वर्षांची आणि सासू एकोणीस वर्षांची. म्हणजे सासूपण एकोणीस वर्षांचं. सासूबाई स्वतः चौऱ्याहत्तरच्या, गुडघे सोडले तर ठणठणीत. चौकशीच्या खिडकीतलं तोंड ते त्यांचंच. वकीलीणबाईंचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे घरात कुठल्याही पेल्यातलं पाणी पिण्याआधी आत वाकून बघायची सगळ्यांना सवय.

आणि खटला असा. नोकरी करणाऱ्या बायकांचं एक वसतिगृह होतं, चार मजली. एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला कुणीतरी जिन्याखाली डबाभर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. त्याआधी मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. आत सात जणी होत्या. सातही गेल्या. तीन आठवड्यांपूर्वी कामावरून काढलेला रखवालदार दुसऱ्या दिवशी पकडला गेला. छापून येताना त्याचं नाव 'कुलूपवाला' असं झालं, आणि पुढे त्याच्या बायकोनंही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. भेटायलाच आली नाही ती.

त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. मग न्यायालयानं ठरवलं की आपणच वकील नेमू. न्यायाधीश वकिलांच्या बाकांकडे नजर फिरवायला लागले, तसे अकरा जण एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. वकीलीणबाईंच्या चपलेला नाडी नव्हती.

त्या दिवसापासून लोक त्यांना विचारू लागले. शेजारीण, नणंद, दूधवाला, बँकेतली मुलगी, कधी नव्हे तो दीर. प्रश्न एकच असायचा, झोप कशी लागते हो तुम्हाला? वकीलीणबाई सांगायच्या, कुशीवर. दुसरा प्रश्न, खरंच केलंय का त्यानं? वकीलीणबाई सांगायच्या, मी त्याला विचारलेलं नाही. आणि हे खरं होतं. बावीस वर्षांत त्यांनी एकाही आरोपीला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचं म्हणणं, डॉक्टर पेशंटला विचारतो का की बाबा रे, तू जगायच्या लायकीचा आहेस का? नाडी बघतो. आपणही नाडी बघायची. कुणी काय पाहिलं, कुठून पाहिलं, किती उजेड होता. बाकीचं ठरवायला तो वर बसलाय ना खुर्चीत, त्याला पगार कशाचा मिळतो?

हे सगळं सासूबाईंना पाठ होतं. मान्य होतं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

आता तालमीचं सांगायला हवं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी नवी सून आरशासमोर उभी राहून उलटतपासणीचा सराव करत होती. सासूबाई केर काढत मागून गेल्या आणि म्हणाल्या, "आरसा तुझ्याच मनासारखं बोलणार. मला विचार." सुनेनं विचारलं. सासूबाईंनी केरसुणी हातात धरून अशी काही साक्ष दिली की सून घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयातला खरा साक्षीदार सासूबाईंपुढे अगदीच लिंबूटिंबू वाटला.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. मोठी साक्ष असली की सकाळी सातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सासूबाई साक्षीदार. पोलिसांपुढचा जबाब त्या रात्री नीट वाचून ठेवायच्या. कधी पोटात सुरी खाल्लेला दुकानदार, कधी बँकेचा व्यवस्थापक, कधी नऊ वर्षांची पोर. नवरा न्यायाधीश, कारण टेबलाच्या डोक्याशी तोच बसायचा आणि त्याचं लक्ष नसायचं. सुनेला सासूची अर्धा अर्धा तास उलटतपासणी घ्यायला मिळते, आणि तीही सासूच्या आग्रहावरून, असं घर शोधून सापडायचं नाही.

सासूबाईंचे साक्ष देण्याचे दोन नियम होते, खिडकीतून आणलेले. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि सांगताना विचारणाऱ्याच्या नाकाकडे बघायचं. डोळ्यांकडे बघितलं की माणूस जास्त बोलतो.

वकीलीणबाईंचा नियम एकच होता. जो प्रश्न टेबलावर विचारून झाला, तोच न्यायालयात विचारायचा. कारण अडचणीत सापडलेला माणूस काय बोलतो, हे तीस वर्षं एका भोकातून ऐकलेल्या बाईला बरोबर ठाऊक होतं. सासूबाईंचं उत्तर आणि साक्षीदाराचं उत्तर यांत शब्द इकडेतिकडे व्हायचे, अर्थ नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

*

कुलूपवाल्याच्या खटल्यात सरकारकडे दाखवायला पुष्कळ कागद होते आणि बघणारा माणूस एकच. वसतिगृहाच्या समोर चष्म्याचं दुकान होतं, त्याचा मालक. आगीच्या पाच मिनिटं आधी डबा घेऊन जाणारा माणूस त्यानं पाहिला आणि ओळखला. एवढंच त्याच्या जबाबात होतं. हा चष्मेवाला उभा राहिला तर कुलूपवाला उभ्या जन्मात बाहेर येत नाही. हा पडला तर कुलूपवाला महिन्याभरात भाजी आणायला जाणार, आणि त्याला बहुधा टोमॅटो मिळणार.

साक्षीच्या दिवशी सकाळी सासूबाई टेबलाशी आल्या त्या नवा चष्मा लावून. तपकिरी, गोल, बऱ्यापैकी झोकदार.

"नवा?" वकीलीणबाईंनी विचारलं.

"नंबर वाढला."

"शोभतो तुम्हाला. बसा. शपथ घेतलीत?"

"घेतली," सासूबाई जाड आवाज काढून म्हणाल्या. पुरुष साक्षीदार असला की त्यांचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरायचा.

"त्या दिवशी चार वाजता तुम्ही काय करत होता?"

"चष्म्याचा स्क्रू बसवत होतो."

"स्वतःच्या डोळ्यांवर काय होतं?"

"बारीक कामाचा चष्मा."

"त्यातून लांबचं कसं दिसतं?"

"आंघोळीच्या वाफेत बघितल्यासारखं."

"म्हणजे रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा तुम्हाला नीट दिसला नाही."

"नाही दिसला."

"मग ओळखलंत कसं?"

सासूबाईंनी कप उचलला, चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. "अंगकाठीवरून."

"अशा अंगकाठीची माणसं या शहरात किती असतील?"

"असतील की चिक्कार. हा आमचा ध्यान बघा ना, हुबेहूब तसाच."

न्यायाधीशांनी अंडं गिळलं आणि म्हणाले, "मला मध्ये घेऊ नका."

वकीलीणबाईंनी वहीत शेवटच्या प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या. अंगकाठीवरून. यापेक्षा चांगला शेवट मागूनही मिळाला नसता.

"मीही येते आज," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "बघायला."

"नेहमीच येता की."

"म्हणूनच सांगितलं."

*

न्यायालयात पंखा कुरकुरत होता. कुलूपवाला पिंजऱ्यात बसला होता. वकीलीणबाईंनी त्याला पांढरा सदरा आणि सोनेरी काड्यांचा नाजूक चष्मा मिळवून दिला होता. त्याचा स्वतःचा पोलिसांच्या पिशवीत पडून होता. आता तो एखाद्या शाळेच्या ग्रंथपालासारखा दिसत होता. त्याची एकच तक्रार होती, कॉलर काचते.

चष्मेवाला साठीचा, सडपातळ, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेला. सरकारी वकिलांनी त्याला चार प्रश्न विचारले, त्यानं चार उत्तरं दिली आणि कुलूपवाल्याकडे बोट दाखवलं. सरकारी वकील खाली बसले ते असे, की आता जेवायलाच उठणार.

वकीलीणबाई उभ्या राहिल्या. एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली. चष्मेवाला त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, नाकाकडे बघत होता. असेल धंद्याची सवय, त्यांना वाटलं. फ्रेमचं माप घेतोय.

"तुम्ही त्या वेळी काय करत होता?"

"एका फ्रेमचा स्क्रू बसवत होतो."

"स्वतःच्या डोळ्यांवर काय होतं?"

"बारीक कामाचा चष्मा. जवळचा."

"त्यातून रस्ता कसा दिसतो?"

"धुरकट."

"रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा चेहरा?"

"तोही धुरकट."

मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. वकीलीणबाईंनी आवाज आणखी मऊ केला.

"किती वर्षं चष्मे विकताय?"

"छत्तीस."

"छत्तीस वर्षं लोकांना नीट बघायला शिकवलंत. आणि त्या दिवशी तुम्हालाच नीट दिसलं नाही."

"चेहरा नाही दिसला. खरं आहे."

आता उघड हशा पिकला. न्यायाधीशांनी लेखणी टेबलावर आपटली. चष्मेवाल्याचे कान लाल झाले, पण नजर नाकावरून हलली नाही. कुलूपवाला कॉलर विसरून ताठ बसला. वकीलीणबाईंनी वही मिटली. शेवटचा प्रश्न त्या नेहमी वही मिटून विचारायच्या.

"चेहरा दिसला नाही. मग ओळखलंत कसं?"

"काडीवरून," चष्मेवाला म्हणाला.

न्यायाधीशांनी मान वर केली. "कसली काडी? नीट सांगा."

"चष्म्याची काडी, साहेब. माझं दुकान रस्त्याला लागून आहे, एकच पायरी. डबा जड असावा. तो माणूस पायरीशी थांबला, डबा पायरीवर टेकवला, हात बदलायला खाली वाकला. माझ्यापासून हातभर. चेहरा खाली होता, पण कान माझ्याकडे होता. आणि हातभरावरचं मला त्या चष्म्यातून केसापर्यंत दिसतं, त्यासाठीच तो असतो. डाव्या काडीच्या बिजागरीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. सात वेढे, शेवटचा उलटा. मीच गुंडाळली होती, त्याच आठवड्यात. नवी फ्रेम घ्या म्हटलं तर नको म्हणाला. उलटा वेढा मी एकटाच घालतो, टोक कानाला टोचू नये म्हणून."

लघुलेखकाचं यंत्र टकटक करून थांबलं. सरकारी वकील कागदांत बुडी मारून काहीतरी शोधू लागले, आणि ते काय शोधताहेत हे वकीलीणबाईंना त्यांच्याही आधी कळलं होतं. पान एकशे बारा. चष्मा एक, दुरुस्त केलेला.

"हे तुमच्या जबाबात नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पोलिसांनी विचारलं, ओळखलंत का. मी म्हटलं, हो. या साहेबांनी विचारलं, हाच का. मी म्हटलं, हाच. कसं ओळखलंत, ते आजवर तुम्हीच विचारलंत." तो त्यांच्या नाकाकडे बघत म्हणाला, "विचारलं तेवढंच सांगायचं."

वकीलीणबाई सावकाश मागे वळल्या. तिसऱ्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. नवा चष्मा, गोल, तपकिरी, बऱ्यापैकी झोकदार.

न्यायाधीशांनी तासाभराची सुट्टी दिली.

*

जिन्याच्या वळणावर पिण्याच्या पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या.

"चष्मा कुठून केलात, आई?"

"आता विचारतेस?"

"आता विचारते."

"त्याच्याकडून. तुझ्यासाठीच गेले होते ग. जबाब दीड पानाचा, त्यातून माणूस कळेना. म्हटलं, बघून यावं, बसतो कसा, बोलतो कसा. तर दुकानासमोर ती इमारत. तिसऱ्या मजल्याची खिडकी काळी पडलेली, गजांना अजून एक ओढणी चिकटलीय. तो रोज सकाळी दुकान उघडतो ते तिच्याकडे पाठ करून."

"त्याला पढवलंत."

"काही पढवलं नाही. घाबरला होता बिचारा. म्हणाला, वकील उलटसुलट विचारतात म्हणे. मी म्हटलं, विचारलं तेवढंच सांगा आणि नाकाकडे बघा. बस."

"तुम्ही कोण, ते सांगितलंत?"

"त्यानं विचारलं नाही."

"आणि तारेचं?"

"ते मी विचारलं, म्हणून त्यानं सांगितलं."

"मला नाही सांगितलंत. टेबलावर बसून अंगकाठी म्हणालात."

"तार म्हणाले असते, तर तू तो प्रश्न विचारला असतास?"

"नाही."

"मग," सासूबाई म्हणाल्या आणि टाकीचा नळ उगीचच घट्ट केला.

वकीलीणबाईंना ओरडायचं होतं, पण वरच्या जिन्यावर नाडीवाले अकरा जण चहा पीत उभे होते. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी तुमच्या उत्तरावर पाय ठेवून चालले. डोळे मिटून."

"तू त्याला सोडवणार होतीस, बॅरिस्टर." सासूबाईंना राग आला की सून बॅरिस्टर व्हायची.

"मी त्याच्या बाजूनं विचारत होते."

"फरक काय पडला? सात पोरी जिन्यावर सापडल्या. तू तिथे उभी राहून त्या म्हाताऱ्याची टर उडवत होतीस आणि लोक हसत होते. मला आत कसंतरी झालं."

"मलाही होतं. रोज होतं. तरी विचारायचं, कारण त्या पिंजऱ्यात बसलेल्याकडे दुसरं कुणी नसतं. बरं, मला सांगा, खिडकीत तीस वर्षं बसलात. दारुडे आले असतील, पाकीटमार आले असतील, बायकोला बडवून पळून निघालेले आले असतील."

"रोज."

"कुणाला चुकीचा फलाट सांगितलात?"

सासूबाईंनी नळ आणखी एकदा घट्ट केला.

"आवडला नाही माणूस, डोक्यात गेला, म्हणून? एकदा तरी?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. मग नळ सोडून, "पण त्यांच्यातल्या कुणी सात जणींना जाळलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतंत?"

यावर सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. काच आधीच स्वच्छ होती.

"आता काय करणार तू?" त्यांनी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही."

पण माहीत होतं. घरातल्या माणसानं साक्षीदाराला गाठलं, त्याच्याकडून माहिती काढून घेतली, आपल्याच वकिलापासून लपवली. पिंजऱ्यातल्या माणसाला आज वकील नव्हताच. वकिलाच्या खुर्चीत त्याच्याविरुद्ध काम करणारं एक आख्खं स्वयंपाकघर बसलं होतं.

*

तळघरातल्या कोठडीत कुलूपवाला कॉलरचं बटण काढून बसला होता. दाराशी पहारेकरी दात कोरत उभा.

"मॅडम, ते तारेचं मी सांगायला हवं होतं का?" तो म्हणाला. "तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता काही बोलू नका. मी बोलते, तुम्ही ऐका."

"नाही, म्हणजे तिथे पायरीशी थांबायलाच नको होतं," तो म्हणाला. गाडी चुकलेला माणूस म्हणतो ना, मध्ये पान खायला थांबायला नको होतं, तसा. "पुढे वीस पावलं तर होती."

पहारेकऱ्याची काडी दातातच राहिली.

बावीस वर्षं वकीलीणबाईंनी जे विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर असं फुकटात समोर येऊन पडलं. त्यांना वाटलं होतं, ते कधी ऐकायला लागलंच तर काहीतरी मोठं होईल. अंग थरथरेल, निदान कानात शिटी वाजेल. काहीच झालं नाही. फक्त त्या माणसाच्या सदऱ्याकडे बघून वाटलं, हा आपण आणून दिलाय. इस्त्री आपण केलीय.

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सासू, दुकान, चष्मा, तालीम. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

"म्हणजे तुमच्या सासूबाई माझ्याविरुद्ध होत्या?"

"हो."

त्यानं विचार केला. "माझीही होती."

पहारेकरी फिसकन हसला, मग आपण कुणाच्या बोलण्यावर हसलो हे लक्षात येऊन भिंतीकडे वळला.

"मग आता मी सुटणार?"

"आता तुम्हाला दुसरा वकील मिळणार. मी न्यायाधीशांना सांगितलं तर."

"तर? म्हणजे नाही सांगितलं तर?"

"तर आजच संपेल सगळं."

"मग सांगा की," कुलूपवाला म्हणाला. "आणि या खेपेला जरा चांगला बघून द्या."

*

तळघरातून वर यायला एकोणतीस पायऱ्या होत्या आणि वकीलीणबाईंना घाई नव्हती. सांगितलं नाही तर काय होईल, याचा त्यांनी हिशेब मांडला. कुणालाही कळणार नाही. सासूबाई बोलणार नाहीत, त्यांना कोण विचारतंय. चष्मेवाल्याला तर माहीतच नाही की ती झोकदार म्हातारी कोण. संध्याकाळपर्यंत खटला खलास. माणूस खरोखरच दोषी, आता तर त्याच्याच तोंडून. भाजीवाली टोमॅटो देईल, वर कोथिंबिरीची काडी घालेल. आणि सांगितलं तर सनद जाईल, सहा महिने नाही तर कायमची, आणि वर हा माणूस नव्यानं सुरुवात करणार, कुठलातरी नाडीवाला त्याला सोडवणार, कोण जाणे.

विसाव्या पायरीवर त्या थांबल्या, कारण धाप लागली. कारण एवढंच, दुसरं काही नाही. मग उरलेल्या नऊ चढल्या आणि न्यायाधीशांच्या दालनावर टकटक केली.

आत न्यायाधीश संत्रं सोलत होते. सरकारी वकिलांनाही बोलावून घेण्यात आलं. ते आले ते शीळ दाबत आले. वकीलीणबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. कुलूपवाला कोठडीत जे बोलला ते सोडून. ते त्याचं होतं, त्यांचं नव्हतं.

सरकारी वकिलांचा जबडा खाली आला. "तुमच्या सासूबाई मला दत्तक मिळतील का हो?"

"गप्प बसा," न्यायाधीश म्हणाले. संत्र्याची फोड हातातच होती. "बाई, तुम्हाला कळतंय का? तो साक्षीदार खरं बोलतोय. तार पिशवीत आहे. मी स्वतः आत्ता काढून बघितली, सात वेढे आहेत."

"असतील, साहेब."

"आणि तुम्ही म्हणताय की सगळं रद्द करा."

"मी म्हणतेय की त्याला वकील नव्हता. त्याला एक द्या. मग तीच तार, तोच साक्षीदार, सगळं पुन्हा ठेवा."

"हा माणूस दोषी आहे."

"निकाल लागायचाय अजून, साहेब."

"मला कायदा शिकवू नका."

"शिकवत नाही. आठवण करून देतेय."

न्यायाधीशांनी फोड तोंडात टाकली. आंबट असावी. "तुम्ही आला नसता तर हे कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं."

"म्हणून तर आले," वकीलीणबाई म्हणाल्या. "आमच्या घरी सगळे विचारलं तेवढंच सांगतात. फार शिस्तीचं घर आहे. आज माझ्यानं झालं नाही."

*

पुढचं थोडक्यात. वकीलीणबाईंची सनद आठ महिने काढून घेतली गेली. हकिगत छापून आली ती अशी, की सात जणींच्या मारेकऱ्याला वाचवण्यासाठी वकील बाईनं सासूला साक्षीदाराकडे पाठवलं. बरोबर उलटं. त्यांनी कुणालाच दुरुस्ती पाठवली नाही. सासूबाईंना न्यायालयानं बोलावून समज दिली. समज घेऊन त्या घरी आल्या आणि वाटाणे सोलायला बसल्या. तालीम बंद झाली. सकाळी सातला टेबलावर फक्त अंडी उरली.

कुलूपवाल्याला नवा वकील मिळाला, अकरांपैकीच एक. या वेळी सरकारी वकिलांनी सगळं विचारलं. चष्मेवाल्यानं सगळं सांगितलं. नव्या वकिलानं प्रामाणिकपणे, जीव तोडून दोन दिवस उलटतपासणी घेतली. तारेचे वेढे सात की सहा, यावर तर पाऊण तास. शेवटी जन्मठेप झाली.

बातमी आली त्या सकाळी नवरा पेल्यात वाकून बघत होता. सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"शेवटी तेच झालं ना," त्या म्हणाल्या. "तुझी आठ महिन्यांची भाकरी गेली, लोकांनी दारावर थुंकायचंच बाकी ठेवलं. मिळवलंस काय?"

"आता झालं ते त्याचं झालं," वकीलीणबाई म्हणाल्या. "तेव्हा झालं असतं ते तुमचं झालं असतं."

सासूबाईंनी वाटाण्याची एक शेंग उघडून आतले दाणे तसेच ठेवून दिले.

"सांगून ठेवते. पुन्हा तशी वेळ आली, तर मी तेच करेन."

"मीही."

"मग मीठ दे इकडे," सासूबाई म्हणाल्या, आणि वकीलीणबाईंनी दिलं.

*

सात जणींतली सर्वांत धाकटी एकोणीस वर्षांची होती. त्या मंगळवारी ताप आला म्हणून ती कामावर गेली नव्हती.